क्यूआर छापायला देण्याआधी एवढं वाचा
(आमच्याकडे लिंक छोटी करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

फ्लेक्स लागलाय, पॅम्प्लेट पेपरात टाकून वाटून झालीयेत, आता आतली लिंक बदलायचीये, तेवढी बदलून द्या ना. हा फोन आम्हाला इतक्यांदा येतो की शेवटी पत्रकच छापलं. लिंक बदलणं आमच्याकडे अर्ध्या मिनिटाचं काम आहे, तुमचं तुम्ही मोबाईलवरून करू शकता, सेवा त्याचसाठी आहे. पण फ्लेक्सचा फोटो मागवून क्यूआर स्कॅन केला की बहुतेक वेळा दिसतं की त्यात आमची लिंक नाहीच, गूगल फॉर्मचा मूळ लांबलचक पत्ताच कोडमध्ये गेलाय. मग तिथे आमचं काही चालत नाही, आमचंच काय, कोणाचंच चालत नाही. पुन्हा छापा नाहीतर वरून स्टिकर मारा.

आणि गंमत अशी की ज्यांच्याकडून हे होतं त्यांनी आमच्याकडे लिंक बनवलेली असते, नीट बनवलेली असते, व्हॉट्सॲपवर तीच फिरवलेली असते. घोळ होतो नंतर. डिझायनर रात्री म्हणतो क्यूआर पाठवा, सकाळी छपाईला टाकायचंय. तुम्ही तुमचीच छोटी लिंक क्रोममध्ये उघडता, फॉर्म उघडतो, तिथूनच शेअरमध्ये जाऊन क्यूआर काढता आणि पाठवून मोकळे होता. आता यात झालं काय, तर छोटी लिंक उघडली की ती लगेच पुढे पाठवते, त्यामुळे वरच्या पट्टीत जो पत्ता दिसतो तो मोठाच असतो, गूगलचा, आणि ब्राउझर क्यूआर काढतो तो त्या पट्टीतल्या पत्त्याचा. आमची लिंक तोपर्यंत बाजूला पडलेली असते. तोच पत्ता कॉपी करून दुसऱ्या एखाद्या साइटवर क्यूआर बनवला तरी तेच होणार. म्हणून एकच सांगणं आहे, क्यूआर आमच्या पॅनलमधूनच, म्हणजे जिथे तुम्ही लिंक बनवता-बदलता त्या पानावरूनच, काढा. प्रत्येक लिंकच्या शेजारी बटण आहे, दाबलं की फाईल उतरते. वेगळे पैसे नाहीत त्याचे.

क्यूआरला काहीजण उगाच हुशार समजतात. जपानच्या डेन्सो कंपनीत १९९४ साली गाड्यांच्या पार्टवर नजर ठेवायला हा कोड काढला आणि आजही त्यात असतं ते एवढंच, तुम्ही दिलेली अक्षरं काळ्यापांढऱ्या चौकटीत मांडलेली. फोन ती वाचतो तेव्हा कोणाला विचारत नाही, नेटसुद्धा लागत नाही, नेट लागतं ते पुढचं पान उघडायला. त्यामुळे जे छापलं ते छापलं. आमची लिंक आत असेल तर फोन आधी आमच्याकडे येतो, मग आम्ही सांगतो की बाबा, आज तू या पत्त्यावर जा. सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखं आहे ते, बाहेर पत्ता गेटचा दिलाय, आत कुठल्या विंगला पाठवायचं ते तुम्ही वॉचमनला कधीही नव्याने सांगू शकता.

एक क्लासवाले सर आमच्याकडे आहेत, त्यांच्या दहावीच्या बॅच भरल्या आणि पॅम्प्लेट तर नुकतीच घराघरांत पोचलेली. त्यांनी ठाण्याहून मुलुंडला जाता जाता लोकलमध्ये उभ्याउभ्या फॉर्मच्या जागी वेटिंग लिस्टचा फॉर्म लावला, छापलेला कागद तोच राहिला. याउलट वाशीचे एक केटरर, त्यांनी दिवाळी फराळाच्या ऑर्डरसाठी फॉर्मचा थेट क्यूआर छापला आणि नंतर फॉर्म दुसऱ्या ईमेलवर नवीन बनवला. जुना फॉर्म बंद, कोड त्याच्याचकडे नेतोय, आणि गिऱ्हाईक म्हणतंय तुमचं बंद दिसतंय. वर आम्हाला विचारणा की पॅनलवर क्लिक शून्य का दाखवताय. अहो, माणूस आमच्याकडे आलाच नाही तर मोजणार कोणाला?

थेट लांब पत्ता छापण्याचा अजून एक तोटा आहे, तो कोणी लक्षात घेत नाही. अक्षरं जास्त तितके चौकोन जास्त. गूगल फॉर्मचा पत्ता सहज एकशे दहा-पंधरा अक्षरांचा होतो, त्याला साधारण ४५ बाय ४५ चौकोनांचा कोड लागतो. आमची लिंक पंचवीस अक्षरांच्या आत बसली तर २५ बाय २५ मध्ये काम होतं. म्हणजे व्हिजिटिंग कार्डावर २ सेंटीमीटरची जागा असेल तर पहिल्यात एक चौकोन अर्ध्या मिलिमीटरहून कमी आणि दुसऱ्यात पाऊण मिलिमीटरहून जास्त. स्वस्तातल्या कागदावर शाई थोडी पसरली, वर जुना फोन, दुकानात ट्यूबलाईट एकच, की पहिला कोड अडतो. मग दोष क्यूआरला.

आता हे आलंच आहे तर छपाईचंही सांगतो. पॅनलमधून एसव्हीजी फाईल घ्या, ती कितीही मोठी केली तरी फाटत नाही. व्हॉट्सॲपवरून आलेला स्क्रीनशॉट डिझायनरला देऊ नका, तो दाबून अस्पष्ट होऊन गेलेला असतो. कोडच्या चारी बाजूंना चार चौकोनांएवढी पांढरी जागा सोडायला सांगा, डिझायनर लोकांना ती जागा वाया गेल्यासारखी वाटते आणि ते तिथे बॉर्डर नाहीतर झेंडूची फुलं आणून चिकटवतात. काळ्यावर पांढरा कोड नको, काही फोनना तो वाचताच येत नाही. मध्ये लोगो हवा असेल तर पॅनलमध्ये "एच" (कोडची चूक सावरायची सगळ्यात वरची पातळी) निवडा, त्यात ३० टक्क्यांपर्यंत भाग झाकला किंवा खराब झाला तरी कोड वाचता येतो, मात्र चौकोन वाढतात, म्हणून कार्डावर आम्ही लोगो घालू नका असंच सांगतो. आणि आकाराचा ढोबळ हिशोब असा की जितक्या लांबून स्कॅन करायचा त्याच्या दहावा हिस्सा तरी कोड मोठा हवा. काउंटरवर ३-४ सेंटीमीटर पुरतात. घोडबंदर रोडच्या होर्डिंगवर क्यूआर टाकायचाच असेल तर टाका, पैसे तुमचे आहेत, पण चालत्या गाडीतून कोण स्कॅन करणार? तिथे मोठ्या अक्षरात छोटी लिंकच लिहा, लक्षात राहील अशी.

तपासायचं कसं? फोनचा कॅमेरा कोडवर धरा आणि लगेच दाबू नका. स्क्रीनवर पत्ता दिसतो, त्यात आमचं नाव आहे का बघा. गूगल, ड्राइव्ह, इन्स्टा असं काही दिसलं तर थांबा, ती फाईल चुकीची आहे. नुसतं "स्कॅन केलं, फॉर्म उघडला" ही तपासणी नाही, कारण दोन्ही कोडने फॉर्म उघडणारच आहे.

दुसरी सवय सोडायची ती डिलीट करण्याची. फॉर्म बदलला की काहीजण जुनी लिंक डिलीट करून नवीन बनवतात, पॅनल साफ दिसावं म्हणून. छापलेला कोड त्या डिलीट केलेल्या छोट्या लिंकच्या नावावरच येतो ना. एडिट दाबा, खालचा पत्ता बदला, नाव तेच ठेवा. डिलीट केलेलं नाव आम्ही दुसऱ्या कोणालाही देत नाही, त्यावरून काहीजण आमच्याशी वाद घालतात की ते नाव रिकामं पडलंय, आम्हाला द्या. नाही देणार. कोणाच्या तरी दुकानाच्या जुन्या पाटीवर ते अजून असू शकतं आणि त्यांचं गिऱ्हाईक भलत्याच ठिकाणी जाईल.

तांत्रिक माणसं आम्हाला विचारतात की तुम्ही ३०१ का देत नाही, ३०२ का देता (लिंक पुढे पाठवताना सर्व्हर ब्राउझरला देतो ते हे आकडे). ३०१ म्हणजे कायमचं बदललं असं सांगणं, ते ब्राउझर लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी आम्हाला न विचारता परस्पर जुन्या जागी जातो. मग तुम्ही लिंक बदलली तरी ज्याने आधी उघडली होती त्याला जुनंच दिसू शकतं. ३०२ मध्ये फोन दर वेळी आमच्याकडे येऊन विचारतो. थोडा वेळ जास्त लागतो हे मान्य, पण बदल लगेच लागू होतो आणि मोजणीही नीट होते. आमच्या ग्राहकांना तेच हवं असतं म्हणून तेच ठेवलंय.

लिंक उघडते पण फॉर्म नाही उघडत, असं असेल तर आमच्याकडे यायच्या आधी एकदा दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. ड्राइव्हची फाईल फक्त तुमच्यापुरती ठेवलेली असते आणि लोकांना परवानगी मागा असं पान दिसतं, किंवा फॉर्मचा एडिटवाला पत्ता टाकलेला असतो. तुमच्या फोनवर सगळं छान दिसणार कारण तुम्ही मालक आहात.

क्लिक कमी का, हा प्रश्न तर रोजचा. तीनशे जणांच्या ग्रुपवर टाकली म्हणजे तीनशे क्लिक येत नाहीत, ग्रुपमध्ये किती जण मेसेज उघडतात ते तुम्हालाही माहितीये. शिवाय लिंक टाकली की खाली फोटो आणि शीर्षक दिसावं म्हणून व्हॉट्सॲप, फेसबुक, टेलिग्राम हे सगळे आधी स्वतः पानावर येऊन जातात. हे यंत्रांचे क्लिक आम्ही ओळखू येतील तेवढे वगळतो. दुसऱ्या एखाद्या साइटवर तोच आकडा फुगलेला दिसू शकतो, तो बघून बरं वाटेल पण त्यावर पुढच्या वर्षीच्या पॅम्प्लेटचा खर्च ठरवू नका. फ्लेक्सला एक नाव, पॅम्प्लेटला दुसरं, व्हॉट्सॲपला तिसरं, अशा वेगळ्या लिंक एकाच फॉर्मवर लावा, मग कळेल नेरुळचा बोर्ड चालला का नुसताच टांगलाय. पहिल्या २५ लिंक फुकट ठेवल्यात त्या याचसाठी.

एसएमएस पाठवणाऱ्यांसाठी वेगळं. मराठीत मेसेज लिहिला की एकात ७० अक्षरंच बसतात, इंग्रजीत १६०, आणि मेसेज लांबला की मराठीत प्रत्येक तुकडा ६७ वर येतो. लांब लिंक टाकली तर एका मेसेजचे पैसे दोन-तीन मेसेजचे होतात. पण नुसती छोटी करून भागत नाही, १ ऑक्टोबर २०२४ पासून ट्रायच्या (टेलिकॉमवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) आदेशाप्रमाणे धंद्याच्या एसएमएसमधली लिंक डीएलटीवर, म्हणजे धंद्याच्या मेसेजसाठी टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, आधी मंजूर (व्हाइटलिस्ट) करून घेतलेली नसेल तर मेसेज अडवला जातो. त्यासाठी स्वतःच्या डोमेनवर (तुमच्या नावाच्या वेबसाइट-पत्त्यावर) छोटी लिंक घेतलेली बरी, ती व्यवस्था आम्ही लावून देतो.

स्वतःच्या डोमेनचं अजून एक कारण आहे आणि ते लोक आम्हाला तोंडावर विचारतात, उद्या तुम्ही बंद केलंत तर? रास्त प्रश्न आहे. गूगलने स्वतःची छोटी लिंक २००९ मध्ये काढली, २०१८ ला नवीन ग्राहकांसाठी बंद केली, मग २०२४ मध्ये जाहीर केलं की २५ ऑगस्ट २०२५ नंतर जुन्याही चालणार नाहीत, आणि ती तारीख जवळ आली तेव्हा म्हणाले की वापरात असलेल्या चालू ठेवतो. एवढ्या मोठ्यांचं असं, तर आम्ही ठाण्यातल्या दोन खोल्यांतले. म्हणून आम्ही शब्द देत बसत नाही, तुमच्या सगळ्या लिंकची यादी तुम्हाला पॅनलमधून कधीही उतरवून घेता येते, आणि डोमेन तुमचं असेल तर ती यादी दुसरीकडे लावून छापलेले कोड तसेच चालू ठेवता येतात. उलट ज्या फुकट साइट कोड बनवून देतात आणि ट्रायल संपली की बंद पाडून पैसे मागतात, त्यांना हा प्रश्न कोणी आधी विचारत नाही.

नवीन खात्याला मोबाईल नंबर का मागता, लिंक कधीकधी तपासणीत का अडकते, अशीही कुरकुर असते. वीजबिल थकलंय, आज रात्री लाईट कापणार, असे मेसेज सगळ्यांना येऊन गेलेत. असे फसवे मेसेज पाठवणारे लोक छोट्या लिंकच शोधत असतात. एकाने तसलं काही आमच्या डोमेनवर केलं तर ब्राउझर आमचा अख्खा डोमेन लाल पडद्यामागे टाकू शकतो, मग तुमच्या दुकानाची लिंकही धोकादायक दिसणार. त्यामुळे एपीके (अँड्रॉइड ॲप बसवायच्या) फाईलच्या लिंक आम्ही घेतच नाही आणि यूपीआयचा कोडही आमच्यातून फिरवू नका, तो बँकेच्या नाहीतर पेमेंट ॲपच्या स्टिकरचाच लावा.

आणि छापायच्या आधी प्रूफची पीडीएफ आम्हाला व्हॉट्सॲप करा. आम्ही स्कॅन करून, आत काय आहे बघून कळवतो, ग्राहक असाल तर फुकट, नसाल तरी एकदा बघून देऊ. फक्त गणपती, नवरात्र आणि दिवाळीच्या आधी सगळ्यांचंच एकदम येतं, तेव्हा रात्री अकराला पाठवून साडेअकराला प्रेसवाला थांबलाय असं करू नका, दोन दिवस आधी पाठवा. नंबर आणि रेट मागच्या बाजूला आहेत.