पुनर्विलोकन मंडळ आणि लोकाधारित देखरेख: मानसिक आरोग्यसेवेचा आढावा कोण, कशाचा घेते?

मानसिक आरोग्यसेवांवर नागरिकांचे लक्ष असावे, असा विषय निघाला की महाराष्ट्रात दोन व्यवस्थांची नावे पुढे येतात आणि बहुधा एकाच दमात घेतली जातात. एक म्हणजे मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ, ज्याला काही जण पुनरावलोकन मंडळ म्हणतात, आणि दुसरी आरोग्यसेवांवरील लोकाधारित देखरेख, म्हणजे सरकारी सेवा कशा मिळतात हे गावकऱ्यांनीच तपासणे. दोन्हींत सरकारी अधिकाऱ्यांच्या जोडीला बाहेरची माणसे बसतात, दोन्हींकडे तक्रार नेता येते आणि दोन्हींच्या कामाला बोलताना आपण ‘आढावा’ हाच शब्द वापरतो. त्यामुळे तालुक्यात मनोविकारतज्ज्ञ येत नाही म्हणून कोणी मंडळाची वाट धरतो, तर कोणी मनाविरुद्ध दाखल केलेल्या नातलगाचे प्रकरण जनसुनवाईत, म्हणजे देखरेखीच्या जाहीर सभेत, मांडायला निघतो. पहिल्या चुकीने फार तर वेळ जातो; दुसऱ्या चुकीने त्या माणसाचे दुखणे चव्हाट्यावर येते.

मंडळाचा जन्म मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मधून झाला आणि हा कायदा २०१८ पासून लागू आहे. जिल्हा न्यायाधीश, निवृत्त जिल्हा न्यायाधीश किंवा त्या पदासाठी पात्र असलेला न्यायिक अधिकारी मंडळाचा अध्यक्ष असतो. त्याच्यासोबत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ व एक डॉक्टर असतात. उरलेल्या दोन जागा मानसिक आजाराचा अनुभव असलेल्या व्यक्तींसाठी, त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी किंवा त्यांच्या व या क्षेत्रातल्या संस्थांच्या प्रतिनिधींसाठी आहेत. मराठीत या क्षेत्रात रुग्णाला शुभार्थी आणि काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणण्याची चांगली पद्धत रुजली आहे. तेच शब्द पुढे वापरतो.

या मंडळासमोर विषय असतो तो एका व्यक्तीचा. ठाणे, येरवडा, नागपूर वा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात, किंवा एखाद्या खासगी संस्थेत, नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (शुभार्थीच्या वतीने उपचारांच्या निर्णयात साथ देणाऱ्या व्यक्तीच्या) अर्जावरून कोणाला दाखल केले, तर तो प्रवेश आधी ३० दिवसांपुरताच असतो. त्यापुढे ठेवायचे असल्यास मंडळाची परवानगी लागते. ‘मला इथे ठेवायला नको होते’ असे शुभार्थीचे म्हणणे असेल, तर तो स्वतः, त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी किंवा त्याच्या संमतीने एखादी नोंदणीकृत संस्था मंडळाकडे अर्ज करू शकते. अर्जाला शुल्क नाही. पहिल्या ३० दिवसांतल्या प्रवेशाला आव्हान असेल तर ७ दिवसांत, त्यापुढच्या प्रवेशाला असेल तर २१ दिवसांत आणि इतर बहुतेक बाबतींत ९० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. निर्णय पटला नाही, तर ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. आणि हे सारे कामकाज बंद दाराआड चालते. लोकसहभागाच्या उत्साहात हे दार उघडावे असे काहींना वाटते. माझ्या मते ते बंद आहे हेच योग्य आहे, कारण आत जे बोलले जाते ते त्या व्यक्तीचे असते, गावाचे नसते.

लोकाधारित देखरेखीचे नेमके याच्या उलट आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचा भाग म्हणून २००७ मध्ये पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाचे उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत ती सुरू झाली आणि पुण्यातील ‘साथी’ संस्थेने राज्यपातळीवर तिचे समन्वयन केले. गाव, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा आणि राज्य अशा चढत्या पायऱ्यांवर समित्या असतात. गावातली माणसे एकत्र बसून प्रश्नावली भरतात, उत्तरांवरून प्रत्येक सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग मिळतो आणि ते पत्रक सर्वांना दिसेल असे लावले जाते. पुढे जनसुनवाईत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांसमोर, माइकवर, ‘आमच्या उपकेंद्राला लाल का मिळाला’ हे विचारले जाते. इथे निकालपत्र नसते. सर्वांसमोर दिलेले उत्तर आणि पुढच्या फेरीत रंग बदलला की नाही, एवढाच तिचा धाक.

गोंधळ खरोखर होतो तो एका ठिकाणी, आणि त्याला कारणही आहे. सेवेतील उणिवांबद्दल तक्रार करण्याचा हक्क २०१७ च्या कायद्यानेही दिला आहे: आधी प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, तिथे समाधान झाले नाही तर मंडळाकडे, मग राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे. आता समजा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक महिन्यातून एका ठरलेल्या मंगळवारी ग्रामीण रुग्णालयात येते. डॉक्टरांनी केसपेपरवर ३० दिवसांच्या गोळ्या लिहिल्या आणि औषधाच्या खिडकीवर मात्र १० दिवसांच्याच हाती पडल्या. शुभार्थीच्या आईला उरलेल्या गोळ्यांसाठी पुन्हा दोनदा एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी घालवावी लागते. तिने वरच्या क्रमाने तक्रार केली, तर तिला तिच्या प्रकरणात न्याय मिळू शकतो. पण त्या खिडकीवर त्या दिवशी प्रत्येकाच्याच गोळ्या कापल्या गेल्या असतील, साठ्याच्या नोंदवहीत शिल्लक शून्य असेल आणि मागणीपत्रक वेळेवर गेलेच नसेल, तर ती बाब एका अर्जाची राहत नाही. तिची जागा पत्रकातल्या लाल रंगात आहे.

अडचण अशी की मूळ पत्रकात मानसिक आरोग्याचे वेगळे कोष्टकच नव्हते. बाळंतपण, लसीकरण, आरोग्य केंद्रातले उपचार, अबंधित निधी (स्थानिक गरजेनुसार खर्चायचे पैसे), आशा कार्यकर्तीचे काम, असा त्याचा रोख होता. शिवाय लसीकरणाची फेरी चुकली हे एखादी बाई माइकवर ठणकावून सांगेल. आपल्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे हे ती सांगणार नाही, आणि तिने सांगावे अशी अपेक्षा धरणेही बरोबर नाही. म्हणून जिथे हे कोष्टक घालायचे असेल, तिथे प्रश्न माणसाबद्दल नव्हे, खिडकीबद्दल हवेत. ठरलेल्या मंगळवारी पथक आले का? गोळ्या किती दिवसांच्या दिल्या? बाहेरून आणायला चिठ्ठी लिहून दिली का? ही उत्तरे रुग्णालयाच्या फाटकाबाहेर उभे राहून, कोणाचेही नाव न विचारता जमवता येतात. मात्र हे प्रश्न सुचायला त्या खिडकीपुढे दर महिन्याला उभे राहणारे कोणी समितीत असावे लागते. मंडळात शुभार्थी-शुभंकरांच्या बाजूच्या दोन जागा कायद्यानेच ठेवल्या आहेत. तालुक्याच्या देखरेख समितीत तशी जागा त्यांना मागून घ्यावी लागेल.