टीका वेगळी, विरोध वेगळा

सोलापुरात ख्रिस्ती माणसं थोडी. त्यामुळे कुणी काही बोललं की लगेच मनाला लागतं, आणि मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, एकच वाक्य फिरू लागतं: "विश्वासामुळे आपला छळ चाललाय." कधी ते अगदी खरं असतं. पण पुष्कळदा झालेली असते ती टीका, आणि तीही रास्त. मन दोन्हींत सारखंच दुखतं, म्हणून गल्लत होते. दोन्हींना एकच उत्तर देऊन मात्र चालत नाही.

ओळखायचं कसं? समोरच्याचं म्हणणं मान्य केलं तर आपल्याला काय सोडावं लागेल, ते आधी पाहावं. एखादी सवय, पद्धत किंवा नुसता हट्ट सोडावा लागणार असेल तर ती टीका. ख्रिस्तच सोडावा लागणार असेल तर तो विरोध. बोलणाऱ्याचा स्वर कडू आहे की गोड, यावरून काहीच ठरत नाही.

यंत्रमागाच्या वस्तीतली घरगुती प्रार्थना सभा घ्या. लहानशी खोली, निम्मी माणसं दाराबाहेर चटईवर, आणि खिडकीत रस्त्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर. शेजारचा मागावरचा कामगार येऊन म्हणतो, "अण्णा, आवाज जरा कमी करा की, सकाळी पाळीवर जायचंय." यात येशूला कुणी नाकारलेलं नाही. स्पीकर आत वळवावा, आवाज कमी करावा, दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात जाऊन माफी मागावी. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा, हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक सगळ्यांना आहे, आपल्यालाही. "त्यांच्या मिरवणुकीला चालतं, मग आमच्याच वेळी का?" हे उत्तर मला पटत नाही. त्या बिचाऱ्याची झोप मोडली ती मोडलीच.

तोच माणूस पुढच्या आठवड्यात चार जणांना घेऊन आला आणि म्हणाला, "आवाजाचं सोडा, इथं प्रार्थनाच करायची नाही, घरमालकाला सांगून खोली खाली करायला लावतो," तर गोष्ट बदलली. आता स्पीकर बंद करूनही भागणार नाही, कारण मागणी आवाजाची राहिलेलीच नाही.

पवित्र शास्त्रात दोन्ही प्रसंग आहेत आणि प्रेषित, म्हणजे येशूनं पाठवलेले त्याचे शिष्य, दोन्हींत वेगळे वागतात. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय: ग्रीक भाषा बोलणाऱ्यांची कुरकुर, की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. "सैतान मंडळीत फूट पाडतोय" असं प्रेषित म्हणाले नाहीत. त्यांनी सगळ्यांना बोलावलं, लोकांकडूनच सात माणसं निवडून घेतली आणि वाटणीचं काम त्यांच्यावर सोपवलं. आपल्याकडच्या किती कमिट्या हिशेबाबद्दल विचारणाऱ्याला इतकं नीट उत्तर देतात? हिशेब विचारणं म्हणजे पाळकाचा, मंडळीच्या धर्मगुरूचा, अपमान, हे आपण कुठून शिकलो?

प्रेषित पेत्र तर आपल्या पत्रात स्पष्टच लिहितो: दुःख सोसायची वेळ आलीच तर खुनी, चोर किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून येऊ नये; ख्रिस्ती म्हणून आली तर लाज धरू नये. येशूच्या डोंगरावरच्या उपदेशातही धन्य म्हटलंय ते ज्यांच्याविरुद्ध लोक खोटं बोलतात त्यांना. ज्यांच्याविरुद्ध लोक खरं बोलतात त्यांना हे वचन स्वतःला लावून घेता येत नाही.

पुण्याच्या गाडीत दौंड सोडलं की केडगाव लागतं. तिथलं मुक्ती मिशन पंडिता रमाबाईंचं. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. धर्माची सक्ती करणार नाही, या बोलीवर उभी राहिलेली ही संस्था. पण काही मुली आपणहून बाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, आणि 'केसरी'नं झोड उठवली. 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या. मला यात दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. "आमची मुलगी कोणत्या बोलीवर तुमच्याकडे ठेवली होती?" हा पालकांचा प्रश्न रास्त होता आणि त्याला उत्तर द्यायला बाई बांधील होत्या. पण स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या देवाची प्रार्थनासुद्धा त्यांनी दार लावून करावी, ही अपेक्षा विरोधाची होती. रमाबाईंनी सक्ती केली नाही आणि दारही लावलं नाही.

विरोधापुढे ख्रिस्ती माणसानं मुकाट बसायचं असतं, ही समजूतही सोडायला हवी. महायाजकापुढे शिपायानं थोबाडीत मारली तेव्हा येशूनं उलटा हात उगारला नाही, पण तो गप्पही राहिला नाही: मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? फिलिप्पै शहरात प्रेषित पौलाला चौकशीशिवाय फटके मारले, तुरुंगात टाकलं आणि सकाळी गुपचूप सोडून द्यायला निघाले. रोमन नागरिक असलेल्या पौलानं ठणकावलं की अधिकाऱ्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. आपल्याला धर्मस्वातंत्र्य देणारं संविधानाचं 25 वं कलम आहे. त्याचा आधार घेण्यात विश्वास कमी पडत नाही. पेत्राची अट एवढीच, की उत्तर सौम्यतेनं आणि आदरानं द्यावं. धमकावणाऱ्याच्या देवाला, जातीला, घरच्यांना शिव्या घालणारा व्हॉट्सॅप मेसेज या अटीत बसत नाही, मग आपली बाजू कितीही खरी असो.

सगळ्यात अवघड आरोप "धर्म बदलायला तुम्ही आमिष दाखवता" हा. यात टीका आणि विरोध एकाच दमात येतात. इथे आधी आपलं घर तपासावं. धान्याची पिशवी प्रार्थना संपल्यावरच, आलेल्यांनाच मिळते का? मिळत असेल तर बोलणाऱ्याच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते आपणच तयार केलंय. वाटप वेगळ्या दिवशी करावं, विडी वळणाऱ्या शेजारणीला तिचा धर्म न विचारता द्यावं, वहीत नोंद ठेवावी आणि कुणी मागितली तर ती वही दाखवावी. एवढं करूनही कुणी सभा उधळायला आलं, तर मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्यांनी पोलीस ठाण्यात जाऊन लेखी अर्ज द्यावा, घडलं तेवढंच लिहावं आणि पोच घेऊन यावं.