साडेबारा टक्क्यांच्या आधीचा फायनल प्लॉट

पनवेल तालुक्यात ‘नैना’चा विषय निघाला की दोन शब्द हमखास कानावर येतात: ‘चाळीस टक्के’ आणि ‘फायनल प्लॉट’. ‘नैना’ म्हणजे नवी मुंबई विमानतळाचं प्रभावक्षेत्र. त्यासाठी २०१३ मध्ये सिडकोला, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाला, विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं. तिथल्या नगररचना योजनांत जमीनमालकाला मूळ जमिनीच्या ४० टक्के क्षेत्राचा विकसित भूखंड मिळतो, बाकीची जमीन रस्ते, मैदानं आणि सार्वजनिक सोयींसाठी जाते. गावकऱ्यांचा याला विरोध का, हे समजायचं तर गोष्ट शंभर वर्षं मागून सुरू करावी लागते.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाट वस्ती फोडून हवा-उजेड आत आणायचा म्हणून १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. सक्तीनं जमीन घ्यायची, मोबदला द्यायचा, रस्ते पाडायचे, ही त्याची रीत. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती त्यातूनच उभ्या राहिल्या. पण ही रीत फार महागात पडायची, आणि ज्याची जमीन गेली तो नव्या शहरातून कायमचा बाहेर व्हायचा.

जर्मनीत फ्रँकफुर्टचे महापौर फ्रान्झ आडिकेस यांनी यावर वेगळी वाट काढली होती. तिथे १९०२ मध्ये कायदा झाला: सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्त्यांची जागा काढून घ्यायची आणि उरलेली जमीन नीट आखून मूळ मालकांनाच परत करायची. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यानं हीच कल्पना आपल्याकडे आणली. देशातला अशा प्रकारचा हा पहिला कायदा.

कागदावर हे कसं दिसतं, ते बघण्यासारखं आहे. वाटण्या होऊन चिंचोळी झालेली शेताची पट्टी डोळ्यांपुढे आणा. एक टोक ओढ्याला टेकलेलं, दुसऱ्या टोकाला पोहोचायला शेजाऱ्याच्या बांधावरून जावं लागतं. हा ‘मूळ भूखंड’. योजनेत तो आकसतो, पण चौकोनी होतो आणि रस्त्याला लागतो. हा ‘अंतिम भूखंड’, म्हणजेच फायनल प्लॉट. कोणाला किती, कुठे आणि कोणत्या किमतीचा, हे लवाद ठरवतो. योजनेमुळे जमिनीची किंमत जेवढी वाढेल, तिचा निम्म्यापर्यंत हिस्सा मालकाकडून घ्यायचा आणि त्यातून रस्ते-गटारांचा खर्च भागवायचा. शहर वाढवण्याचा इतका न्याय्य मार्ग आपल्या कायद्यात क्वचितच सापडेल, असं मला मनापासून वाटतं. खारचे आकड्यांनी ओळखले जाणारे सरळ रस्ते याच रीतीचे. तिथल्या, तसंच पुण्याच्या शिवाजीनगरातल्या कित्येक इमारतींच्या कागदपत्रांवर सर्व्हे नंबरऐवजी आजही ‘एफ. पी. नं.’ असतो.

मग हे मागे का पडलं? १९५४ च्या कायद्यानं संपूर्ण शहराचा विकास आराखडा सक्तीचा केला, १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानं तो पाया पक्का केला. नगररचना योजनांचं प्रकरण त्यात राहिलं, पण मंजुरीचे टप्पे लांब आणि लवादाचं काम वर्षानुवर्षं चालणारं. त्यापेक्षा नकाशावर बागेचा हिरवा रंग भरून आरक्षण टाकणं सोपं. संपादनाला पैसा नसला की जमीन अडकून पडते. मालक कलम १२७ ची नोटीस देतो आणि मुदतीत संपादन झालं नाही तर आरक्षण रद्द होतं. १९९१ मध्ये मुंबईत टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात पैशांऐवजी दुसरीकडे बांधकाम करण्याचा हस्तांतरणीय हक्क, आला तो हीच कोंडी फोडायला. गुजरातनं मात्र त्याच वारशातून १९७६ चा आपला कायदा केला आणि योजना चालू ठेवल्या. २००१ च्या भूकंपानंतर भुजची पुनर्रचनाही नगररचना योजनांतूनच झाली.

इकडे नवी मुंबईसाठी रस्ता उलटा धरला गेला. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. त्यांच्या बलिदानाशिवाय संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली नसती. त्यातही सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होतात, हातात येतात पावणेनऊ. तेवढ्यासाठीही अनेकांच्या हयाती सरल्या, भूखंड पाहिला तो नातवंडांनी.

‘नैना’त संपादन नाही, जमीन एकत्रीकरण आहे. पद्धत खारचीच, आणि ४० टक्के हा आकडा साडेबारापेक्षा कितीतरी मोठा. पण गावकरी तुलना खारशी करत नाही, तो स्वतःच्या आजोबांच्या अनुभवाशी करतो. साठ टक्के आज जातात, रस्ता-पाणी कधी येणार, हा त्याचा प्रश्न. गावठाणाबाहेर गरजेपोटी बांधलेलं घर कोणाच्या अंतिम भूखंडात जाणार, हा दुसरा. योजनेच्या ‘नमुना १’ या तक्त्यात मूळ भूखंडाचं क्षेत्र आणि अंतिम भूखंडाचं क्षेत्र एकाच ओळीत असतं. भूखंडाचा ताबा आणि त्यापुढचा डांबरी रस्ता मिळण्याची तारीख लिहायला मात्र त्यात रकाना नाही.