‘खात्यापित्या घरची’ बाई आणि महिनाअखेर

अंगाने भरलेली बाई दिसली की ‘खात्यापित्या घरची आहे’ म्हणून आपण मोकळे होतो. रेशनच्या रांगेत तर कुजबुज ठरलेलीच: हिला कसली आलीय उपासमार?

हा समज चुकीचा आहे. पोट भरणं वेगळं, पोषण वेगळं. मुंबईत मानखुर्दच्या वस्तीतल्या एखाद्या खोलीत वीस तारीख उलटली की आधी आमटी पातळ होते, मग अंडी, दूध, पालेभाजी बंद. उरतो भात आणि साखरेच्या चहात बुडवलेला पाव. अन्नसुरक्षा कायद्याखाली ‘प्राधान्य कुटुंब’ या रेशनच्या गटातल्या घराला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, भाजी नाही. तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी, म्हणून दोन वडापावांवर दुपार निघते. (स्वस्त आहे, चव आहे, नावं कशाला ठेवायची?) शिवाय घरची बाई सगळ्यांचं झाल्यावर बसते: दिवसभर चहावर, रात्री उरलासुरला भात एकदम.

अमेरिकेत १९९५ साली विल्यम डाएट्झ या डॉक्टरांनी एका गरीब घरातल्या लठ्ठ मुलीच्या निमित्ताने ‘भुकेमुळे लठ्ठपणा येतो का?’ असं विचारलं. पुढच्या तिथल्या अभ्यासांत अन्नाची चणचण आणि लठ्ठपणा यांचा संबंध पुरुषांपेक्षा बायकांत ठळक दिसला. संबंध म्हणजे कारण सिद्ध झालं असं नव्हे. आपल्याकडे लठ्ठपणा अजून सुखवस्तू घरांतच जास्त, हेही खरं. पण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रियांचं वजन जास्त होतं आणि ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय. जाड दंडातही रक्त कमी असू शकतं.