अर्ध्यावर थांबणाऱ्या आठवणी

आवडत्या लेखकाच्या कथा-कादंबऱ्या वाचून संपल्या की आपण त्याच्या आठवणींकडे वळतो. घर, आई, शाळा, पहिली नोकरी, पहिलं छापून आलेलं लिखाण असं सगळं त्यात भेटतं. मग ज्याच्यासाठी पुस्तक हातात घेतलं तो लेखक घडलाय असं वाटू लागतं, आणि नेमकं तिथेच पुस्तक संपतं. अशा पुस्तकांची माझी यादी वाढत गेली तेव्हा कळलं की हे अर्ध्यावर थांबणं फार जुनं आहे आणि त्यामागे कारणंही आहेत.

आपल्याकडच्या सर्वांत जुन्या आत्मचरित्रांपैकी एकाच्या नावातच ‘अर्ध’ आहे. बनारसीदास या जैन व्यापारी कवीने 1641 मध्ये आग्र्याला ब्रजभाषेत ‘अर्धकथानक’ लिहिलं. त्या वेळी वय होतं 55. माणसाचं पूर्ण आयुष्य 110 वर्षांचं धरलं तर ही निम्मी कहाणी, म्हणून हे नाव. 675 पद्यांत व्यापारातली खोट आहे, प्रेमाच्या नादात बुडवलेलं शिक्षण आहे आणि पैसे नसताना महिनोन्‌महिने उधारीवर खाल्लेल्या कचोऱ्याही आहेत. 1605 मधला एक प्रसंग मला सर्वांत जवळचा वाटतो. विशीच्या आसपासचा बनारसीदास जौनपूरला घराच्या जिन्यावर बसला होता. अकबर गेल्याची बातमी कानावर आली, तोल गेला, तो खाली पडला आणि डोकं फुटलं. आईने कापड जाळून जखमेत भरलं. बाहेर लोक दारं लावून घेत होते, दागदागिने जमिनीत पुरत होते, सधन माणसं जाडेभरडे कपडे घालून फिरत होती. एका बादशहाच्या मृत्यूने सामान्य घरात काय होतं, हे या एका जिन्यावरून जितकं कळतं तितकं मला दुसरीकडे कुठे कळलं नाही.

युरोपात या लेखनाची सुरुवात पापाच्या कबुलीतून झाली. संत ऑगस्टीनने चौथ्या शतकाच्या अखेरीस सोळाव्या वर्षी केलेली नासपतींची चोरी लिहून ठेवली, ती देवापुढे. अठराव्या शतकातला फ्रेंच विचारवंत रूसो ती कबुली वाचकापुढे घेऊन आला. त्याचीही चोरी सोळाव्या वर्षाचीच: तुरीनमधल्या एका घरात त्याने फीत चोरली आणि आळ मारियाँ या स्वयंपाकिणीवर ढकलला. ते ओझं उतरवण्याची इच्छा हे ‘कन्फेशन्स’ लिहिण्यामागचं एक कारण होतं, असं त्यानेच म्हटलंय. बालपणी काय घडलं यावरून पुढचा माणूस समजतो, ही आज आपल्याला साधी वाटणारी कल्पना बऱ्याच अंशी त्याच्यामुळे रुजली.

थांबण्याचं कारणही रूसोच्या गोष्टीत सापडतं. 1771 मध्ये तो पॅरिसमध्ये निवडक मंडळींपुढे हस्तलिखित वाचून दाखवत होता. त्याच्या एकेकाळच्या आश्रयदात्या एपिने बाईंनी पोलिसांकडे शब्द टाकला आणि वाचनं बंद पडली. बालपणाबद्दल त्यांची तक्रार असण्याचं कारण नव्हतं. पुढच्या भागात त्या स्वतः होत्या. तारुण्यापर्यंतचा पहिला भाग त्याच्या मृत्यूनंतर 1782 मध्ये आला, दुसरा 1789 मध्ये. लहानपणीची माणसं बहुतेक निघून गेलेली असतात. पंचविशीनंतरची माणसं मात्र शेजारी बसलेली असतात, आणि त्यांच्याबद्दल लिहायचं तर त्यांच्या आयुष्यात हात घालावा लागतो.

टॉल्स्टॉयची वाट वेगळी. 1852 मध्ये त्याची ‘बालपण’ ही कादंबरी नियतकालिकात आली तेव्हा तो 24 वर्षांचा होता. संपादकाने परस्पर शीर्षक ‘माझ्या बालपणाची गोष्ट’ असं केलं म्हणून तो संतापला. रागाला कारण होतं. पुस्तकातल्या मुलाला आई नीट आठवते, तर टॉल्स्टॉयची आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचाही नव्हता. ठरवलेल्या चार भागांपैकी ‘पौगंड’ आणि ‘तारुण्य’ झाले, चौथा कधीच लिहिला गेला नाही.

मराठीत व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं आत्मचरित्रही मधेच थांबतं, अ. का. प्रियोळकरांनी 1947 मध्ये ते प्रसिद्ध करताना पुढचं चरित्र स्वतः लिहून जोडलं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मात्र संसारात खोल शिरतात. पण त्यांचा पहिला भाग 1934 चा, आणि रेव्हरंड टिळक 1919 मध्येच गेलेले. नवऱ्याच्या चरित्रासाठी म्हणून लिहायला घेतलेल्या आठवणी त्यांच्या स्वतःच्या होऊन गेल्या.

थांबणं जाणूनबुजून निवडलं ते रवींद्रनाथांनी. 1912 च्या ‘जीवनस्मृती’त ते पंचविशीपर्यंत येतात आणि आयुष्याच्या खासमहालाच्या दारापाशी वाचकांचा निरोप घेतात. श्याम नावाचा नोकर खडूने रिंगण आखायचा, आणि त्यात बसलेलं पोर दुपारभर खिडकीतून तळं आणि वड बघत राहायचं, हे चित्र त्याच पुस्तकातलं. 28 वर्षांनी, 1940 मध्ये, त्यांनी ‘छेलेबेला’त तेच बालपण पुन्हा सांगितलं. या वेळी त्यात मुंबई आली.

1878 मध्ये विलायतेला जाण्याआधी सतरा वर्षांचा रवी आत्माराम पांडुरंग तर्खडांच्या घरी राहिला होता. आत्माराम हे दादोबांचे धाकटे भाऊ. त्यांची मुलगी अन्नपूर्णा त्याला इंग्रजी रीतीभाती शिकवायची. तिने नाव मागितलं, त्याने ‘नलिनी’ दिलं. ‘जीवनस्मृती’त तिच्याबद्दल काही नाही. ‘छेलेबेला’तही तिचं खरं नाव नाही, पण तिचं मागणं आहे: कधी दाढी ठेवू नकोस, चेहऱ्याची रेघ झाकली जाऊ देऊ नकोस. ते आपल्याकडून पाळलं गेलं नाही, हे सगळ्यांना ठाऊकच आहे, असं रवींद्रनाथ लिहितात. पण तो अवज्ञेचा पुरावा चेहऱ्यावर दिसण्याआधीच ती गेली होती.