बालरुग्णांच्या संगणकीय नोंदी आणि आपले कर्मचारी

आमच्याकडून बालरुग्णांच्या नोंदींची संगणकीय प्रणाली घेतलेल्या दवाखान्यांसाठी आणि आरोग्यसंस्थांसाठी हे पत्रक आहे. प्रणाली कशी चालवावी हे आम्ही ती बसवतानाच दाखवतो. मात्र नोंद कोणी आणि कशासाठी उघडावी, याबद्दल पुरेसे बोलणे होत नाही, आणि आपल्याकडून येणाऱ्या फोनवरून असे दिसते की बहुतेक अडचणी तिथेच सुरू होतात.

मोठ्या शहरात नाव वगळले की रुग्ण सहसा ओळखू येत नाही. आपल्या भागात गावाचे नाव, लेकराचे वय आणि ‘सिकलसेल’ एवढे कळले तरी पुरते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या जिल्ह्यांत हा रक्ताचा आजार आढळतो आणि तो आनुवंशिक असल्यामुळे एका मुलाचा ‘एसएस’, म्हणजे आजार असल्याचा, अहवाल वाचणाऱ्याला आई आणि वडील दोघेही किमान वाहक (या आजाराचे जनुक बाळगणारे) आहेत, हेही कळून जाते. वाहक मुलगी एरवी निरोगी असते, तिला सहसा उपचारही लागत नाहीत. तरी ही गोष्ट गावात पसरली, तर पुढे तिचे लग्न जुळवताना आणि तिच्या धाकट्या बहिणीच्या वेळीही ती उकरून काढली जाते. मेळघाटातील तीव्र कुपोषित बालकाचे वजन आणि उंची उपचारासाठी लिहिलेली असते. त्या आकड्यांवरून कोणी त्याच्या आईला बोल लावावा, यासाठी नव्हे.

म्हणून कामाचे कारण नसताना नोंद उघडणे हाच आम्ही गोपनीयतेचा भंग मानतो, मग पाहिलेले कोणाला सांगितलेले असो वा नसो. नात्यातले किंवा शेजारचे मूल दाखल झाले म्हणून काळजीपोटी डोकावणेही यातच येते. ती काळजी खरी असते, पण विचारपूस मुलाच्या आईवडिलांकडे करावी.

आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दी वाढते आणि सिस्टरने सकाळी उघडलेल्या एकाच लॉगिनवर तिघे-चौघे काम करतात. प्रत्येक नोंद कोणत्या लॉगिनवरून आणि केव्हा उघडली, हे प्रणाली टिपून ठेवते. एका दवाखान्यातून एका मुलीचा अहवाल बाहेर गेला तेव्हा आम्ही ती यादी काढून दिली; तीत ज्या सिस्टरचे नाव आले, त्या दुपारीच घरी गेल्या होत्या आणि नोंद संध्याकाळी उघडली गेली होती. संशय मात्र बरेच दिवस त्यांच्यावरच राहिला. प्रत्येकाला वेगळे लॉगिन द्यावे, जागा सोडताना ते बंद करावे आणि नोकरी सोडणाऱ्याचे लॉगिन त्याच दिवशी आम्हाला कळवून रद्द करून घ्यावे.

प्रणाली अडली की अनेक ग्राहक पडद्याचा फोटो आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि त्यात मुलाचे नाव, कधी निदानही असते. कृपया नाव झाकून फोटो पाठवावा. दुरुस्तीसाठी आम्हाला नावाची गरज नसते.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, 2023 नुसार 18 वर्षे पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती बालक आहे, आणि माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तथापि गोपनीयतेचे कारण सांगून आईवडिलांना रिकाम्या हाताने परत पाठवू नये, कारण डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारविनियमांप्रमाणे त्यांनी मागितलेली कागदपत्रे 72 तासांत द्यावी लागतात. तसेच बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे लक्षात आले किंवा तशी शंका आली, तर पोक्सो कायदा, 2012 नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तेथे गोपनीयतेची सबब चालत नाही. संकटातील मुलासाठी 1098 हा क्रमांक रिसेप्शनवर लावून ठेवावा.

इतकी काळजी घेऊनही माहिती बाहेर गेलीच, तर काहीही न खोडता आम्हाला लगेच फोन करावा. ती नोंद कोणकोणत्या लॉगिनवरून उघडली गेली, याची यादी आम्ही त्याच दिवशी काढून देऊ.