टाळू, अंगठा आणि ग्रहण

आमच्या विदर्भातल्या खेड्यांत बाळाची टाळू रोज तेलानं भरतात, डोकं गोल यावं म्हणून आजी हलक्या हातानं चोळते. एखाद्या बाळाचं कपाळ उंच, डोळे पुढे आलेले आणि हातापायांचे अंगठे रुंद, इतर बोटांपासून फाकलेले दिसले, की पहिला प्रश्न आईलाच येतो, "गिराणात काई चिरलं होतं काय वं?" या प्रश्नाचा मला फार राग येतो. ती बाई आधीच घाबरलेली असते, आणि त्याचं उत्तर विज्ञानाकडे आहे.

अशी लक्षणं एकत्र दिसली तर डॉक्टरांच्या मनात येणाऱ्या विकारांपैकी एक म्हणजे फायफर सिंड्रोम. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फायफर यांनी १९६४ मध्ये एकाच कुटुंबातल्या तीन पिढ्यांत तो नोंदवला. साधारण लाखात एका बाळाला होतो.

बाळाची कवटी एकसंध नसते. उन्हाळ्यात काळ्या वावराला भेगा पडून ढेकळं सुटी दिसतात, तशी तिची हाडं सुटी असतात. मधल्या फटींपाशीच नवं हाड तयार होतं. पहिल्या वर्षात मेंदू जवळपास दुप्पट होतो, त्याला जागा मिळते ती याच फटींमुळे. फायफरमध्ये काही फटी, विशेषतः कपाळामागून कानाकडे जाणारी, वेळेआधीच बुजतात. त्या दिशेनं वाढ अडते, मग मेंदू वर सरकतो आणि कपाळ उंच होतं. डोळ्यांच्या खोबण्या उथळ राहतात. हे मालीशनं सुटत नाही. डोकं दाबू तर नयेच.

कवटी आणि अंगठा यांचा संबंध काय? हाडांच्या पेशींना वाढीचा निरोप पोहोचवणारे दोन जनुक आहेत, एफजीएफआर १ आणि एफजीएफआर २. त्यांत बिघाड झाला की निरोप गरजेपेक्षा जास्त जोरात जातो, आणि तो दोन्ही ठिकाणी पोहोचतो. १९९४ मध्ये पहिल्या जनुकाचा दोष सापडला.

आता ग्रहणाकडे. आईवडील दोघांनाही हा विकार नसेल, तर बिघाड नव्यानं झालेला असतो. दुसऱ्या जनुकाच्या अशा बिघाडांचा माग काढला, तेव्हा ते वडिलांकडून आलेले निघाले. शुक्राणू तयार करणाऱ्या पेशी आयुष्यभर विभागतात. त्यातल्या एखादीत हा बदल झाला, तर ती शेजारणींपेक्षा जोमानं वाढत असावी, गाजरगवत वावरात पसरतं तशी. त्यामुळे वडिलांचं वय वाढतं तशी शक्यता थोडी वाढते. म्हणून बोट वडिलांकडे वळवायचं नाही, त्यांच्या हातात काहीच नव्हतं. पण चाकू आणि चंद्र यांचा इथे काहीही संबंध नाही. आईवडिलांपैकी एकाला विकार असेल तर मात्र प्रत्येक खेपेस शक्यता ५० टक्के.

पाहायचं ते हे: टाळू लवकर बंद झाली का, हाडाच्या जोडावर कड लागते का, झोपेत पापण्या पूर्ण मिटतात का. न मिटल्यास बुबुळ कोरडं पडून नजर जाऊ शकते, म्हणून डोळ्यांकडे आधी लक्ष. श्वास घोरल्यासारखा येत असेल तर तेही सांगावं. कवटीचं ऑपरेशन बहुधा पहिल्या वर्षातच लागतं, कधी पुढे आणखी काही. सौम्य प्रकारातली बहुतेक मुलं बुद्धीनं इतरांसारखीच असतात.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं. त्याची वाट बघत बसू नका, आशाताईला आजच बाळाचे अंगठे आणि टाळू दाखवा.